दाण्याचं कूट, घाण्याचं तेल आणि अफ्लाटॉक्सिन : कितपत मनावर घ्यायचं?

शेवगा
आमच्याकडे महिन्याला दोन-अडीच किलो दाणे सहज उडतात. कोशिंबीर, भरली वांगी, उपासाची आमटी, चटणी, कूट कशात नसतं ते सांगा. त्यात मागच्या वर्षापासून तेलही लाकडी घाण्याचं आणतो. आता झालंय असं की नवऱ्याने दाण्यातल्या बुरशीच्या विषाबद्दल, अफ्लाटॉक्सिनबद्दल, कुठेतरी वाचलं आणि तेव्हापासून तो कोशिंबीर वाढून घेताना आधी चमच्याने उकरून बघतो. सासूबाई म्हणतात खवट दाणा लागला की थुंकायचा, विषय संपला, जन्मभर हेच केलं. मला दोघांचंही पूर्ण पटत नाहीये.
तर जाणकारांनो, भाजल्यावर हे विष जातं का, घाण्याचं तेल बरं की रिफाइंड, आणि घरचे दाणे लॅबमधून तपासून घेण्यात काही अर्थ आहे का? "आजकाल सगळंच विषारी आहे" छाप प्रतिसाद प्लीज नकोत, ते फॅमिली ग्रुपवर रोज मिळतात.

टवाळ_कार्टं
आजकाल सगळंच विषारी आहे.

गोडबोले_नसलेला
वरच्याला +१ :)
आणि साबुदाण्याच्या खिचडीबद्दल कुणी वाकडं बोललं तर याद राखा.

बुरशीवाली
मी कॉलेजात मायक्रोबायॉलॉजी शिकवते त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले, थोडं लांबेल.
अफ्लाटॉक्सिन म्हणजे मुख्यतः अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस आणि पॅरासिटिकस या बुरशा तयार करतात ती विषं. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखाच्या वर टर्की पक्षी पटापट मेले, आधी कारणच कळेना, शेवटी त्यांच्या खाद्यातल्या ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशी सापडली, तिथून या सगळ्या संशोधनाला सुरुवात झाली. म्हणजे या कथेत शेंगदाणा पहिल्या पानापासून आहे.
भाजण्याबद्दल : बुरशी मरते, विष बऱ्यापैकी टिकतं. घरी कढईत भाजताना जेवढी उष्णता मिळते त्यात काही भाग कमी होतो पण शून्य होत नाही. आणि कढईतल्या कढईतसुद्धा सगळे दाणे सारखे भाजले जात नाहीत. उकळण्याने तर फारच कमी फरक पडतो.
आता सासूबाईंचा मुद्दा. खवटपणा आणि अफ्लाटॉक्सिन या वेगळ्या गोष्टी आहेत. खवट वास दाण्यातलं तेल हवेने खराब झाल्यामुळे येतो, विषाला स्वतःची चव नाही वास नाही. त्यामुळे खवट दाण्यात अफ्लाटॉक्सिन असेलच असं नाही, आणि चवीला चांगला लागलेला दाणा निर्दोष असेलच असंही नाही. पण तरी सासूबाई अगदीच चुकत नाहीयेत, कारण बुरशी लागलेला दाणा बहुतेक वेळा सुरकुतलेला, काळपट, फुटका किंवा कडवट असतो. तो खाल्ला न जाणं चांगलंच. फक्त तोंडात जाण्याआधी, ताटात निवडतानाच काढला तर उत्तम.

शेवगा
बुरशीवाली ताई, खूप आभार. "तोंडात जाण्याआधी" हे वाक्य घरी मोठ्याने वाचून दाखवलं. सासूबाई म्हणाल्या, "मग आम्ही सूप घेऊन बसायचो ते काय उगाच?"

कुरकुरीत
माझ्याकडे उपाय आहे. ऑनलाइन छोटी यूव्ही टॉर्च मिळते, अंधारात दाण्यावर मारायची, विष असेल तर हिरवट-निळं चमकतं. व्हिडिओ आहेत खूप.

बुरशीवाली
कुरकुरीत, त्या टॉर्चवर विसंबू नका. अफ्लाटॉक्सिनच्या प्रकारांना बी आणि जी ही नावंच निळ्या (ब्लू) आणि हिरव्या (ग्रीन) चमकेवरून पडली हे खरं, पण ती चमक प्रयोगशाळेत विष वेगळं काढून प्लेटवर बघतात तेव्हाची. धान्यावर जी हिरवट-पिवळी चमक दिसते ती बुरशीच्याच दुसऱ्या एका पदार्थामुळे येते, कोजिक अ‍ॅसिड. मक्याच्या गोदामात ढोबळ संशय घ्यायला ती पद्धत वापरायचे. चमकला म्हणजे विष आहेच असं नाही, नाही चमकला म्हणजे नाहीच असंही नाही.

टवाळ_कार्टं
म्हणजे टॉर्च रात्री लाइट गेल्यावर कूट शोधायला वापरावी.

बांधावरून
नमस्कार. एरवी नुसता वाचतो, पण शेंग निघाली म्हणून लिहितो. सातारा जिल्ह्यात आमची शेती, खरिपाला थोडी शेंग असते.
लोकांना वाटतं बुरशी दुकानात नाहीतर डब्यात लागते. ती जमिनीतच असते. दाणे भरायच्या वेळेला, म्हणजे शेवटच्या महिना-सव्वा महिन्यात पाण्याचा ताण बसला आणि जमीन तापली की शेंगेला बारीक भेगा जातात आणि बुरशी आत शिरते. हुमणीनं नाहीतर वाळवीनं शेंग टोकरली असली तर मग बोलायलाच नको. त्यात काढणीला परतीचा पाऊस. वेल उपटल्यावर उलटे टाकायचे, शेंगा वर पाला खाली, दोन-चार दिवस कडक ऊन द्यायचं. शेंग कानापाशी धरून हलवायची, दाणा आत खुळखुळला म्हणजे वाळली. पण आभाळ भरून आलं की सगळे तेच करतात, ढीग लावायचा आणि वर ताडपत्री. वरून पाऊस लागत नाही पण आतून घाम सुटतो, हात घातला तर गरम लागतं. दोन दिवसांनी उघडलं की वास. तेवढाच माल फेकून देणारा शेतकरी मी तरी बघितला नाही, कारण बाजारात ओल्या आणि वाळल्या शेंगेच्या भावात जेवढा फरक पाहिजे तेवढा मिळत नाही. वाळवली की वजन घटतं, आणि घट आमच्या खिशातून जाते.
अजून एक, हे खुद्द बघितलेलं आहे. फोडणीच्या गिरणीत शेंगा फोडायच्या आधी त्यांच्यावर पाणी मारतात. कारण फार वाळलेली शेंग फोडली की दाण्याची डाळ होते, मग भाव पडतो. पाणी मारून फोडलेला दाणा नीट परत वाळवला तर ठीक, तसाच बारदानात भरला तर बुरशीला आयतंच आमंत्रण.

शेवगा
बाप रे. पाणी मारतात हे पहिल्यांदाच ऐकलं.

किराणा_भुसार
बांधावरून दादा, तुमचं बरोबर आहे पण सगळं व्यापाऱ्यावर ढकलू नका. गिऱ्हाईक दुकानात येऊन काय विचारतं? "घुंगरू आहे का, दाणा एकसारखा गोल पाहिजे, अर्धा फुटका नको." फुटका नको म्हणून तर पाणी मारतात ना. सॉर्टेक्स केलेला माल ठेवतो मी, किलोला थोडा महाग, मशीन रंगावरून काळे दाणे उडवतं. दहातले आठजण स्वस्तातला उचलतात. आणि ते उडवलेले काळे दाणे कुठे जातात हेही विचारा कधीतरी.

गोडबोले_नसलेला
कुठे जातात??

किराणा_भुसार
फेकत कोणीच नाही. चिक्कीवाले, चटणीवाले, तेलवाले. सगळे नाही, पण जातात. कूट झालं की रंग कुठे दिसतो.

चिक्कीप्रेमी_लोणावळा
आमचं नाव घेतलं म्हणून आलो. सगळ्यांना एकाच माळेत ओवू नका. आम्ही दाणा बघून घेतो, भाजून सालं काढून परत निवडतो. स्वस्त चिक्की कशी स्वस्त असते हे मात्र ज्याने त्याने समजून घ्यावं.

हिरव्या_रानात
म्हणूनच मी सांगत असते, डोळ्यासमोर काढलेलं घाण्याचं तेल घ्या. रिफाइंडमध्ये केमिकल, ब्लीचिंग, काय काय. आपले पूर्वज घाण्याचंच खात होते, त्यांना कुठे होता कॅन्सर.

बुरशीवाली
हिरव्या_रानात, इथे मात्र नेमकं उलटं आहे. दाणा पिळला की बहुतेक अफ्लाटॉक्सिन पेंडीत जातं, थोडं तेलात उतरतं, विशेषतः गाळ राहिलेल्या गढूळ तेलात. रिफाइनरीत तेल अल्कलीने धुतात आणि मातीने ब्लीच करतात, ज्या ब्लीचिंगला तुम्ही नावं ठेवताय त्या पायऱ्यांमध्येच हे विष जवळजवळ निघून जातं. घाण्याच्या तेलाला ती पायरीच नाही, जो दाणा आत गेला त्याचं जे काय असेल ते बाहेर येणार. घाणा वाईट असं मी म्हणत नाही, चव मलाही आवडते. पण घाणेवाला कुठला दाणा टाकतो यावर सगळं अवलंबून आहे. डोळ्यासमोर तेल काढलेलं बघता तसं दाण्याचं पोतंही उघडून बघा.

हिरव्या_रानात
म्हणजे आता कारखान्यातलं तेल चांगलं आणि घाण्याचं वाईट. कंपन्यांना आनंद झाला असेल हे वाचून. माझा विश्वास नाही.

रोज_एक_पोळी
ताई, विश्वासाचा प्रश्नच नाहीये. अफ्लाटॉक्सिन ही अगदी शंभर टक्के नैसर्गिक, सेंद्रिय गोष्ट आहे, बुरशी स्वतः बनवते, कुठल्या कंपनीने टाकलेली नाही. तिला रसायन घालून काढावं लागतं हा तिचा दोष.

हिरव्या_रानात
चालू द्या तुमचं. मी घाण्याचंच खाणार. दाणे मात्र स्वतः निवडून देईन, एवढं मान्य.

रॉटरडॅमकर
इथे बंदराशी संबंधित नोकरी आहे, भारतातून शेंगदाण्याचे कंटेनर येतात आणि अफ्लाटॉक्सिनमुळे अडकतात ही इथे नवलाईची बातमी नसते. लॅबबद्दल शेवगांनी विचारलंय त्यावर लिहितो.
युरोपात थेट खायच्या दाण्याला मर्यादा किलोमागे ४ मायक्रोग्रॅम आहे, एकूण अफ्लाटॉक्सिनची, आणि जो माल पुढे सॉर्टिंगला वगैरे जाणार त्याला १५. आपल्याकडे कच्च्या दाण्याला १५. पण गंमत आकड्यात नाही, सॅम्पल घेण्यात आहे. मोठ्या लॉटमधून शंभर ठिकाणांहून थोडाथोडा माल काढून २० किलोचं सॅम्पल करतात, ते दळून मग तपासणी. एवढं का, कारण विष सगळीकडे सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ आणि एखादाच भयंकर. एकेका दाण्यात किलोला दहा लाख मायक्रोग्रॅम या दराने विष सापडल्याच्या नोंदी आहेत. आता हिशेब करा, असा अर्ध्या ग्रॅमचा एक दाणा, म्हणजे त्यात ५०० मायक्रोग्रॅम झाले. तो दहा किलोत पडला की अख्ख्या दहा किलोची सरासरी ५०. बाकी सगळे दाणे निर्मळ असूनही लॉट नापास.
त्यामुळे घरची पाव किलोची पुडी लॅबला दिली तर तो एक दाणा तुमच्या पुडीत आला का डब्यात राहिला, एवढंच कळणार. पैसे वाया. उलट तोच एक दाणा हाताने उचलून टाकला तर दहा किलो वाचले.

शेवगा
हे फारच पटलं. म्हणजे निवडणं हाच उपाय, तपासणी नाही.

रॉटरडॅमकर
घरापुरतं तरी. कारखान्यांना दोन्ही लागतं. आणि निवडून सगळं जातं असं नाही, दिसायला बरा असलेलाही एखादा निघतो. पण सालं काढून निवडलं की वाईट दाणे जास्त उठून दिसतात, मोठे कारखाने तेच करतात.

यकृतवाला_डॉक्टर
उशिरा आलो, ओपीडी होती. सगळे दाण्याच्या मागे लागलेत म्हणून मूळ धोका काय ते लिहितो.
एकदम मोठा डोस गेला तर तीव्र विषबाधा, आणि त्यातलं एक मोठं उदाहरण आपल्या शेजारचंच आहे. १९७४ साली राजस्थानातलं बांसवाडा आणि गुजरातचा पंचमहाल, आदिवासी पट्टा, मका हेच मुख्य अन्न. काढणीच्या वेळी अवेळी पाऊस, कणसं भिजली, तशीच घरात साठवली. मग घरंच्या घरं काविळीने आजारी, पोटात पाणी, ३९७ आजारी आणि १०६ मृत्यू. साथीची कावीळ म्हणावी तर त्याच घरांतली कुत्रीही तशीच आजारी पडलेली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या लोकांनी मक्यापर्यंत माग काढला आणि १९७५ मध्ये लॅन्सेटमध्ये तो प्रसिद्ध झाला. केनियात २००४ साली पुन्हा तेच, पुन्हा मका, ३१७ आजारी, १२५ मृत्यू. दोन्हीकडे लोकांना मका खराब आहे हे दिसत नव्हतं असं नाही, दुसरं खायला नव्हतं.
आपल्यासारख्या चार प्रकारचं धान्य खाणाऱ्यांना त्या पद्धतीचा धोका जवळजवळ नाही. आपला प्रश्न थोडं थोडं, वर्षानुवर्षं. तिथे यकृताचा कॅन्सर. १९९१ मध्ये चीन आणि आफ्रिकेतल्या रुग्णांच्या गाठींमध्ये पी५३ नावाच्या जनुकात एकाच ठराविक जागी बदल सापडला, चोराने ठसे सोडावेत तसा. आणि सगळ्यात महत्त्वाचं : हिपॅटायटिस बी असलेल्या माणसात अफ्लाटॉक्सिनचा धोका नुसता वाढत नाही, गुणाकाराने वाढतो. म्हणून कूट बंद करण्याआधी घरातल्या सगळ्यांनी हिपॅटायटिस बीची तपासणी आणि लस झालीय का ते बघा. लहान मुलांना आता सरकारी लसीकरणात मिळते, प्रश्न आपल्या वयाच्या लोकांचा आहे.
चीनमध्ये चीतुंग नावाचा भाग आहे, तिथे यकृताच्या कॅन्सरचं प्रमाण प्रचंड होतं. १९८० च्या दशकात लोक मका सोडून भातावर आले, शरीरातलं अफ्लाटॉक्सिन घसरलं, आणि पुढच्या काळात यकृताच्या कॅन्सरचे मृत्यूही घटले, तेही लस घेतलेली पिढी मोठी होण्याआधी. खाणं बदलून कॅन्सर कमी झाल्याची इतकी स्वच्छ उदाहरणं फार नाहीत.

टवाळ_कार्टं
डॉक्टर, हे वाचून मी गप्प बसलोय. नोंद घ्यावी.

रोज_एक_पोळी
डॉक्टरांचा प्रतिसाद जपून ठेवला. अवांतर : बाजरीचं, ज्वारीचं काय मग?

यकृतवाला_डॉक्टर
भिजलेलं, वास आलेलं कुठलंच धान्य नको. पण मका आणि शेंगदाणा हे या बुरशीचे खास लाडके. सुकी मिरची आणि मसाल्यांतही सापडतं, पण मिरची खाऊन खाऊन किती खाणार.

गोडबोले_नसलेला
कोल्हापूरकरांना विचारा.

गोठ्यातून
दाण्याचं एवढं चाललंय, दुधाकडे कुणाचं लक्ष नाही. ती जी पेंड म्हणालात, सगळं विष जिच्यात राहतं, ती आमच्या गाई-म्हशी खातात. शेंगदाणा पेंड, सरकी पेंड, मका भरडा. गाईने खाल्लेल्या विषातला थोडा भाग रूप बदलून दुधात उतरतो, एम-१ म्हणतात त्याला. दूध तापवून जात नाही. खराब पेंड बंद केली की मात्र तीन-चार दिवसांत दूध साफ होतं. आमच्या भागात पावसाळ्यात पेंडीचं पोतं भिंतीला टेकवून ठेवलं की आठवड्यात गोळे होतात, ते गोळे फोडून बरेच जण तसेच दावणीत टाकतात. "जनावराला काय होतंय." जनावराला होतं, दूध घटतं, पण लक्षात कोण घेतो.

बुरशीवाली
अगदी. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, २०१८ मध्ये देशभर दुधाचे ६४३२ नमुने घेतले होते. असुरक्षित ठरावेत इतके भेसळीचे निघाले १२. आणि एम-१ मर्यादेपेक्षा जास्त निघाले ३६८. सगळे युरिया आणि डिटर्जंटच्या व्हिडिओंमागे, आणि खरा प्रश्न पेंडीच्या पोत्यात.

किराणा_भुसार
फक्त १२? मला नाही पटत. सणासुदीला खव्याचं काय होतं ते बाजारात बसून बघतो आम्ही.

बुरशीवाली
ते द्रव दुधाचं सर्वेक्षण होतं, खवा-पनीर त्यात नाही. त्यामुळे तुमचं निरीक्षण आणि हा आकडा दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात.

रॉटरडॅमकर
आणि मर्यादाही बघा, भारतात दुधात एम-१ ला किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम, युरोपात ०.०५. अमेरिकेतही ०.५ च आहे, म्हणजे आपणच ढिले आहोत असं नाही.

हिरव्या_रानात
मग देशी गाय, घरचा चारा. बघा, परत माझ्याच मुद्द्यावर आलात.

गोठ्यातून
ताई, देशी गाईलाही तीच भिजकी पेंड घातली तर तेच होणार. जात बघून बुरशी थांबत नाही.

बांधावरून
शेतात काही करता येतं का असं एकाने व्यक्तिगत विचारलं म्हणून इथेच लिहितो. शेवटच्या टप्प्यात एक-दोन पाणी देता आलं तर फार फरक पडतो. आफ्रिकेत विष न बनवणारी बुरशी शेतात टाकतात, म्हणजे ती जागा अडवते आणि विषारी बुरशीला शिरकाव मिळत नाही, असं एका प्रशिक्षणात दाखवलं होतं. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने तपासणीचं स्वस्त किटही बनवलंय. पण खरं सांगू का, आमच्या बाजार समितीत व्यापारी शेंग फोडून दाणा चावून बघतो, हेच आमचं किट. चांगल्या वाळवलेल्या शेंगेला किलोला चार रुपये जास्त द्यायला लागा, बघा आम्ही कशी वाळवतो ते.

किराणा_भुसार
गिऱ्हाईक दोन रुपये जास्त देईना, मी चार कुठून देऊ? पण तुमच्याकडची उन्हाळी शेंग असेल तर निरोप द्या, सिरियसली. पाऊस न लागलेली शेंग मला ठेवायची आहेच.

शेवगा
इतकी चर्चा होईल असं वाटलं नव्हतं. आमच्या घरी ठरलं ते असं. दाणे सॉर्टेक्सचे, एका वेळी किलोभरच. भाजून सालं काढायची आणि पांढऱ्या ताटात निवडायचे, हे काम नवऱ्याकडे, कारण शंका त्यालाच आहेत. घाण्याचं तेल सुरू ठेवणार, पण दाणा आम्ही नेऊन देणार, घाणेवाले तयार झालेत. हिपॅटायटिसची तपासणी पुढच्या आठवड्यात. एक राहिलं : पावसाळ्यात कूट करून डब्यात ठेवलं तर चालेल का? आणि निवडून काढलेल्या दाण्यांचं काय करायचं, सासूबाई पक्ष्यांना घालू म्हणतायत.

बुरशीवाली
पक्ष्यांना अजिबात नको, टर्कींचं वर वाचलंत ना. सरळ कचऱ्यात. कूट पावसाळ्यात आठवड्यापुरतंच करा, भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावरच कुटा, गरम कूट डब्यात भरलं की झाकणाला आतून पाणी धरतं. घट्ट डबा, फ्रिजमध्ये. आणि ओला चमचा घालणाऱ्याला ओरडा.

टवाळ_कार्टं
आमच्या घरी तो मीच आहे.

बांधावरून
किराणा_भुसार, उन्हाळी शेंग मेअखेर निघते. जास्त नाही, सात-आठ पोती. फोडून नको, शेंगच न्या, पाणी न मारता फोडायची तर गिरणीवाल्याशी तुम्हालाच बोलावं लागेल. डाळ जास्त पडेल, आधीच सांगतो.

किराणा_भुसार
पडू दे. डाळ कुटाला चालते. मेसेज करतो.